कुंकू लागलेली फ्लॉपी

आमच्या साखर कारखान्यात खंडेनवमीला पूजेवाचून एकही यंत्र राहत नसे. गव्हाण, बॉयलर, वजनकाटा, ट्रॅक्टर, आवक-जावकचा टाइपरायटर, सगळ्यांना झेंडूची माळ आणि हळदकुंकू. संगणक विभाग सुरू झाला तशी संगणकांचीही त्यात भर पडली. मी त्या दिवशी कधीच कामावर नसे. दसऱ्याला आमचं अख्खं घर नागपूरला दीक्षाभूमीवर असायचं आणि त्यासाठी आदल्या दिवशीच गाडी धरावी लागे. त्यामुळे चौऱ्याण्णव साली फ्लॉपीची पूजा झाली तेव्हा मी रेल्वेच्या डब्यात बसून आईनं बांधून घेतलेल्या दशम्या खात होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, "बाई, तुम्ही अडवलं का नाही?"

फ्लॉपी कसली, ते सांगते. संगणक विभागात आम्ही दोघं प्रोग्रॅम लिहायचो. मी, जयमाला, बेलापूरची, पुण्याहून डिप्लोमा करून आलेली. आणि गहिनीनाथ, पाथर्डीकडचा. माणसांसारख्या संगणकाच्याही वेगवेगळ्या भाषा असतात. मी 'सी' नावाच्या भाषेत लिहायचे, तो 'पास्कल'मध्ये. माझा प्रोग्रॅम वजनकाट्यावरचा आकडा उचलायचा. त्याचा प्रोग्रॅम गाडीतळावर उसाच्या बैलगाड्यांचे नंबर लावायचा, म्हणजे कोणती गाडी आधी काट्यावर जाणार ते ठरवायचा. आमचं एकमेकांशी फारसं पटत नसे. सी ही घाईगर्दीच्या लोकांची भाषा आहे, असं त्याचं म्हणणं. पास्कल शाळेत शिकवायला बरी, असं माझं. त्यातून त्याला एक खोड होती. आपला प्रोग्रॅम तो कोणाला म्हणजे कोणाला दाखवायचा नाही. मी सहज मागे जाऊन उभी राहिले तरी हा स्क्रीनचा उजेड कमी करून टाकायचा, आणि मग आम्ही दोघं काळ्या काचेकडे बघत बसायचो.

मागच्या हंगामात त्याच्या प्रोग्रॅमनं एकाच नंबरावर दोन गाड्या लावल्या होत्या आणि गाडीतळावर चांगलीच हाणामारी झाली होती. तेव्हापासून एमडी साहेबांचा हुकूम सुटला, की तपासल्याशिवाय कोणताही प्रोग्रॅम गाडीतळावर न्यायचा नाही. मी पुण्याला माझ्या वर्गमित्राला, महेंद्रला लिहिलं. त्यानं प्रोग्रॅमच्या चाचण्या घेणारी एक लायब्ररी तयार केली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायच्या तयार तुकड्यांचा तो संच असतो. आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट श्रीमंतराव यांनी मात्र तिच्यासाठी एक लोखंडी कपाट मंजूर करून ठेवलं होतं. ही लायब्ररी प्रोग्रॅमला गणितं घालायची, आलेलं उत्तर बरोबर उत्तराशी ताडून बघायची आणि पास की नापास ते स्क्रीनवर सांगायची. म्हणून ऑफिसात सगळे तिला 'मास्तर' म्हणायचे.

जुने मास्तर फार थोडी गणितं घालू शकायचे. म्हणून महेंद्रनं नवी आवृत्ती केली. जुनी त्यानं पास्कलमध्ये लिहिलेली, नवी सगळीच्या सगळी सीमध्ये. 'दोन्ही भाषांना चालेल' अशी चिठ्ठी जोडून फ्लॉपी पोस्टानं पाठवली, ती नेमकी खंडेनवमीला येऊन पोचली. श्रीमंतराव म्हणाले, "हेही हत्यारच की. ठेवा पाटावर." आणि पूजेला बसवलं लंकाबाईला.

लंकाबाईविषयी थोडं सांगायला हवं. ती आमच्या विभागात झाडलोट, पाणी, एसीच्या खोलीत कोणी चपला घालून शिरत नाही ना, हे सगळं बघायची. तीही पाथर्डीच्याच बाजूची. लहानपणापासून दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर या भागात येणारी. नवरा गेला, मग गुडघ्यांनी दगा दिला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं होईना, तेव्हा कोणाच्या तरी रदबदलीनं ती रोजंदारीवर आमच्याकडे लागली. त्या हंगामाला तिचं नाव कायमच्या मस्टरवर चढायचं होतं. ते चढलं की पुन्हा कोयता हातात धरायचं भय संपलं.

मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, कारण त्यांच्यासाठी होता. मी सकाळी पाणी न पिता यायचे आणि दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. मग सगळ्यांवर खेकसायचे. लोक म्हणायचे, बाई तापट आहे. आहेच मी तापट, पण तेव्हा कारणही होतं. महिन्याभरात राजीनामा लिहून मी पर्समध्ये ठेवला. लंकाबाईला मी यातलं एक अक्षर बोलले नव्हते. तिनंच एक दिवस जिन्याखालचा, मोडक्या खुर्च्या कोंबून बंद केलेला संडास रिकामा करून घेतला, घासला, मिस्त्रीला चार शब्द सुनावून आतून कडी बसवून घेतली आणि बाहेर कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवली. "ताई, आता घोटभर पानी प्या निवांत," म्हणाली. त्या कडीमुळे मी नोकरीत टिकले, हे मी आजही कोणालाही सांगते. मोठमोठ्या साहेबांना जे सुचलं नाही ते तिनं केलं, आणि केल्याचं कधी तोंडावर दिसू दिलं नाही.

तर ही लंकाबाई पाटासमोर बसली. गहिनीनाथ म्हणे तिला म्हणाला होता, "मावशी, पाकिटावरच लावा." ती सव्वापाच इंची फ्लॉपी होती. कागदी पाकिटातून काढली की मधल्या लांबट फटीतून तिची चकती उघडी दिसायची. पण लंकाबाईला ते पटलं नाही. "देव का कुनी झाकून पुजतं व्हय?" असं म्हणून तिनं फ्लॉपी बाहेर काढली, हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. श्रीमंतरावांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

मी परत आले तेव्हा ती हळदीत न्हालेली फ्लॉपी माझ्या टेबलावर होती. मी कपाळाला हात लावला. कापसानं हलक्या हातानं पुसली, फुंकर मारली आणि जीव मुठीत धरून ड्राइव्हमध्ये घातली. आश्चर्य म्हणजे ती एकदाही अडखळली नाही. जुने मास्तर पुसून त्यांच्या जागी नवे बसवले. जुन्यांच्या फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी लागून ती केव्हाच बाद झाली होती, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. माझ्या प्रोग्रॅमला नव्या चाचण्या लावल्या, सगळ्या पास. मग गहिनीनाथानं आपल्या प्रोग्रॅमला लावल्या. नापास, नापास, नापास अशी ओळ लागली, आणि थोड्या वेळानं संगणकच ठप्प झाला. बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

श्रीमंतराव दारातूनच म्हणाले, "कुंकू गेलं आत."

"साहेब, त्याच फ्लॉपीवरून माझा प्रोग्रॅम पास झालाय," मी म्हणाले.

"तुमचा भाग कोरडा राहिला असेल."

फ्लॉपीवरून सगळं हार्ड डिस्कवर नीट उतरलंय, काही गहाळ असतं तर संगणकानं तेव्हाच तक्रार केली असती, हे मी त्यांना तीन तऱ्हांनी सांगितलं. दर वेळी ते मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण कुंकू लागलं होतं ना?"

गव्हाणीत पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करण्याचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता. गाडीतळाचा प्रोग्रॅम अडकला म्हटल्यावर एमडी साहेबांनी विचारलं, जबाबदार कोण. श्रीमंतरावांनी उत्तर दिलं, रोजंदारीवरची बाई. नारळ कोणी फोडला हा विषय निघाला नाही. लंकाबाईचं नाव मस्टरवर चढवायचं नाही असं ठरलं, आणि ते सांगायला मलाच पाठवायला निघाले होते. मी साफ नाही म्हणाले. मग तिला शिपायाकडून निरोप गेला.

मी एसटीडी बूथवरून महेंद्रच्या घरमालकिणीला फोन लावला. तो कंपनीच्या कामाला बंगलोरला गेलेला, दिवाळी झाल्यावर येणार. म्हणजे जे काय शोधायचं ते आम्हालाच. आणि त्यासाठी गहिनीनाथाचा प्रोग्रॅम उघडून बघायला हवा होता.

"दाखवा मला," मी म्हणाले.

"कशाला?"

"कुंकवानं हे झालेलं नाही. दुसरं काहीतरी आहे."

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मॅडम, कुंकू नसेल तर काय असेल, मी सांगतो. माझा प्रोग्रॅम असेल. गेल्या वर्षी हाणामारी, यंदा सगळीकडे नापास. माझीही कायमची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर पडलीय. सध्या कुंकवाचं नाव झालंय ते राहू द्या."

"म्हणजे तुमची ऑर्डर निघावी म्हणून मावशीनं पुन्हा कोयता धरायचा?"

त्यानं स्क्रीनचा उजेड कमी केला. मी तणतणत माझ्या जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लंकाबाई आली. चपला बाहेर काढून, हात पुसून, नेहमीसारखी. येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि कमरेची किल्ली सोडून तिनं माझ्यासमोर ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. म्होरं जी बाई यील तिला सांगा, कडी वाईच वर उचलावी लागती, मंग बसती."

"तुम्ही कुठं निघालात?"

"मुकादम आलाय, पुंजाराम. टोळी घ्यून चाललाय. म्या म्हनलं, मला बी घ्या. त्यो म्हनला, अर्धा कोयता हाय तुजा. म्हनलं, अर्धा तर अर्धा."

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा. मला ठाऊक होतं हे. तिचे ते गुडघे घेऊन ती फळीवर चढणार होती.

मग ती गहिनीनाथाकडे वळली. "नाथा, माझ्या हातानं तुजं काम नासलं बाबा. मला काय म्हाईत, त्याला कुंकू सोसत न्हाई. तू लई हाल काढून हितवर आलास. मनात ठिवू नगंस."

गहिनीनाथानं वर बघितलं नाही. ती निघून गेली. त्याची आईही टोळीतच जायची, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तरी माझा राग कमी झाला असता असं नाही. थोड्या वेळानं त्यानं स्क्रीनचा उजेड वाढवला, पार शेवटपर्यंत, आणि शेजारची खुर्ची ओढली.

"या, बसा. काय बघायचं ते बघा."

मी बसले. त्याचा प्रोग्रॅम वाचला. आता खरं सांगायचं तर मी चुका काढायच्या तयारीनंच बसले होते, पण एकही सापडली नाही. इतकं स्वच्छ, नेटकं लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. हे काय लपवून ठेवत होता हा माणूस? मी तसं म्हणाले. तो लाजला आणि म्हणाला, "चाचणी लावू का?"

"लावा. पण या वेळी फक्त पहिल्या चार. संगणक ठप्प व्हायच्या आत थांबवू."

स्क्रीनवर तीन रकाने आले. पहिल्यात चाचणीचा क्रमांक, मधल्यात बरोबर उत्तर, शेवटी प्रोग्रॅमनं दिलेलं उत्तर. चारही ओळींपुढे नापास. गहिनीनाथानं आजवर एवढंच वाचलं होतं. नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक कशाला निरखून बघतोय? पण मी नापास झाले नव्हते, त्यामुळे मला आकडे दिसले. शेवटच्या रकान्यात होतं एक, दोन, तीन, चार.

"तुमचा प्रोग्रॅम गाड्या सोडून उजळणी म्हणतोय की काय?" मी म्हणाले.

तो पुढे वाकला. मग त्यानं पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं क्रमांक एक ते चार असायला हवे होते, तर भलतेच आकडे होते. सत्तावीस, नऊ, असे. त्यानं बोट मधल्या रकान्यावर नेलं. तिथंही सत्तावीस. खाली नऊ.

"माझी उत्तरं तर बरोबर आहेत," तो अगदी हळू म्हणाला. "ती पहिल्या रकान्यात जाऊन बसलीत."

मला झटकन उमगलं. पास्कल भाषा काम सांगताना त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या वस्तू, म्हणजे इथं हे तीन आकडे, पहिल्यापासून शेवटापर्यंत हातात देत जाते. सी भाषेची रीत उलटी, शेवटची वस्तू आधी. जुने मास्तर पास्कलमधले, त्यांना गहिनीनाथाची रीत ठाऊक होती. नवे मास्तर सीमधले. गहिनीनाथाचा प्रोग्रॅम क्रमांक, बरोबर उत्तर, आलेलं उत्तर असं देत होता आणि मास्तर ते मागून पुढे घेत होते. मधलं तेवढं जागेवर राहत होतं. बिचारे मास्तर बरोबर उत्तराची तुलना चाचणीच्या क्रमांकाशी करत होते आणि इमानेइतबारे नापास करत होते.

"आणि ठप्प का होतं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या पास्कलात जेवायला बोलावलेला पाहुणा आपलं ताट आपण उचलतो. आमच्या सीमध्ये ताटं यजमान उचलतो. आता दोघंही दुसऱ्याची वाट बघतायत. ताटं साचत साचत दारापर्यंत आली की कारभार बंद."

गहिनीनाथ हसला. माझ्या विनोदाला तो पहिल्यांदाच हसत होता.

महेंद्रनं फ्लॉपीवर आपला मूळ मजकूरही ठेवला होता, ही त्याची मेहेरबानी. 'वस्तू पास्कलच्या रीतीनं घे' असं सांगणारा एक शब्द सीमध्ये असतो, तो प्रत्येक कामाच्या नावाआधी लिहावा लागतो. महेंद्र स्वतः सीवाला. तो फक्त सीमधूनच तपासून बघणार, आणि तिथं त्या शब्दावाचून काही अडत नाही. मी शब्द घातला, लायब्ररी नव्यानं बांधली, आमचे दोघांचे प्रोग्रॅम तिला पुन्हा जोडले. माझा पास. मग गहिनीनाथाचा सुरू झाला. पास, पास, पास. शेवटची ओळ आली तरी संगणक चालूच होता. गहिनीनाथानं बोटानं रकाना वरून खाली वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. मला त्याचा मनापासून आनंद झाला, हे मला स्वतःलाही नवीन होतं.

आम्ही तसेच उठून श्रीमंतरावांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एक शब्द नव्हता."

"हो साहेब."

"पुण्याहून आला तेव्हा नव्हता, का इथं आल्यावर गेला?"

"म्हणजे?"

"कुंकवानं पुसला असेल."

"कुंकू काय एक-एक शब्द वेचून पुसतं, साहेब?" माझा आवाज चढला.

"हे बघा बाई, पूजेआधी चालत होतं. पूजेनंतर बंद पडलं. एवढं मला कळतं."

"पूजेआधी जुने मास्तर होते! आणि पूजेचंच म्हणायचं तर नारळ तुम्ही फोडलात. तुमचं नाव काढा मग मस्टरवरून!"

हे बोलायला नको होतं. शेजारच्या टेबलांवरचे कारकून माना खाली घालून हसले आणि श्रीमंतरावांचे कान लाल झाले. "मस्टर उद्या लागेल," ते म्हणाले. "त्या बाईचं नाव त्यात नसेल. विषय संपला."

माझ्या तोंडाळपणानं होतं नव्हतं ते घालवलं, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून गहिनीनाथाचा आवाज आला.

"साहेब, चूक माझी आहे."

श्रीमंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"फ्लॉपीबरोबर पुण्याहून सूचना आली होती. पास्कलवाल्यांनी काय बदल करायचा ते तिच्यात लिहिलं होतं. मी वाचली नाही. मावशीचा काही संबंध नाही."

अशी कुठलीही सूचना आली नव्हती. श्रीमंतरावांचा चेहरा मात्र एकदम सैल झाला. शब्द, रीत, रकाने यांतलं त्यांना काही पटलं नव्हतं, पण सूचना आली आणि वाचली नाही, ही गोष्ट त्यांना लगेच पटली. ऑफिसात रोजच घडणारी होती ती.

"लेखी द्याल?"

"देतो."

त्यानं तिथल्या तिथं लिहून दिलं. त्याची कायमची ऑर्डर टेबलावरून ड्रॉवरमध्ये गेली. ती पुढल्या हंगामाला निघाली, आणि तोवर वर्षभर तो रोजंदारीवर राहिला.

व्हरांड्यात आल्यावर मी त्याला गाठलं. "अशी सूचना आलीच नव्हती!"

"माहीत आहे."

"मग असं खोटं का लिहून दिलंत? आपल्याकडे खरं कारण होतं, सिद्ध केलेलं!"

"मॅडम, तुमच्या खऱ्यानं मस्टरवर नाव चढत नव्हतं," तो म्हणाला. "आणि हे कालच करायला हवं होतं मी. ती किल्ली ठेवून गेल्यावरही गप्प बसलो असतो, तर मला आईसमोर उभं राहवलं नसतं."

मी भांडायच्या तयारीत होते, पण भांडायला काही उरलं नाही. त्या माणसाविषयी मी वर्षभर जे जे बोलत आले होते ते मला आठवत होतं. आपल्याबरोबर काम करायला असा माणूस मिळाला, याबद्दल मला त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या फार कृतज्ञ वाटलं. तसं मी त्याला म्हणालेही, जमेल तितक्या वाईट शब्दांत. तो म्हणाला, "चला, गाडीतळावर प्रोग्रॅम बसवायचाय."

दुसऱ्या दिवशी मस्टर लागलं. पुंजारामला निरोप गेला, त्याची जीप लंकाबाईला न घेता पुढे गेली. मस्टरवर अंगठा उठवून ती थेट आमच्या खोलीत आली, बोटाची शाई अजून ओली होती. नुसती कधी माझ्याकडे, कधी गहिनीनाथाकडे बघत उभी राहिली.

मला राहवेना. "मावशी, बसा. आधी एक ऐका. कुंकवानं काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं. मनात ठेवू नका तसं. काय झालं होतं, त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी, दोन्हींची वस्तू द्यायची रीत उलटसुलट..."

तिनं माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लहान मूल काहीतरी रंगवून सांगत असलं की आपण ऐकतो तसं.

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "मला समदं कळतंय. नाथानं काय लिवून दिलं त्ये शिपायानं सांगितलं मला. कुंकू म्याच लावलं, माझ्या डोळ्यानं बघितलं म्या आत जाताना. माझ्यावर आळ घेनारी लई बघितली. मुकादम बघितलं, भावकी बघितली. पन माझ्यासाठी खोटं बोलाया कुनी सुदीक न्हवतं आजवर. तुमी दोगं बोललात."

एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

मी पुन्हा तोंड उघडलं. स्क्रीनवर सगळे आकडे होते. ते तीन रकाने मी तिला दाखवले असते, बोट ठेवून समजावलं असतं, आणि मी खरी आहे हे तिला शेवटी मान्यही करायला लावलं असतं. आजवर मी कोणालाच सोडलं नव्हतं. गहिनीनाथ माझ्याकडे बघत होता.

"हो मावशी," मी म्हणाले. "बोललो खोटं."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि डोळे पुसून माठात पाणी भरायला गेली.